पेयरोतेओचे दोन सामने

१९६१ सालच्या ऑक्टोबर महिन्याची ८ तारीख. लक्झेंबर्ग या चिमुकल्या देशाच्या राजधानीत पोर्तुगालचा राष्ट्रीय फुटबॉल संघ त्या दिवशी मैदानावर उतरला, तेव्हा एक उपचार पार पाडावयाचा आहे यापलीकडे कोणाचीही कल्पना नव्हती. तीन-सव्वातीन लाख वस्तीच्या या देशाचा त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात लिस्बन येथे पोर्तुगालने सहा गोलांनी फडशा पाडला होता. मे महिन्याच्या अखेरीस लिस्बनच्याच बेनफिका या क्लबाने बर्न शहरी बलाढ्य बार्सिलोनाला ३-२ असे नमवून युरोपचे अजिंक्यपद पटकाविले होते. अशा देशाच्या संघाला पुढल्या वर्षी चिली येथे भरणाऱ्या विश्वचषक स्पर्धेच्या वाटेवर लक्झेंबर्ग आडवे येईल, ही गोष्ट कोणी विनोदानेही बोलला नसता.

आणि तरीही तसे घडले. आदी श्मिट नावाच्या आघाडीच्या खेळाडूने पोर्तुगालच्या जाळ्यात तीन वेळा चेंडू धाडला. सामना संपत आला असता पोर्तुगालचा एक एकोणीस वर्षांचा नवखा पोरगा एक गोल फेडता झाला. त्यावर लक्झेंबर्गने लगेच चौथा गोल चढविला, आणि पोर्तुगालच्या दुसऱ्या गोलाला मग काही अर्थच उरला नाही. ४-२. मैदानाच्या कडेला हा पराभव पाहत बसलेल्या पोर्तुगालच्या प्रशिक्षकाचे नाव होते फेर्नांदो पेयरोतेओ. राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक म्हणून त्याचा हा पहिला सामना होता. दुसरा सामना सतरा दिवसांनी झाला, आणि तोच शेवटचाही ठरला.

दोन सामने, दोन पराभव, एवढेच ज्याच्या प्रशिक्षकपदाचे भांडवल, त्याची आठवण इतिहासाने का ठेवावी, असा प्रश्न सहज पडेल. त्याचे उत्तर शोधावयाचे तर चोवीस वर्षे मागे जावे लागते, आणि युरोप सोडून आफ्रिकेच्या दक्षिण गोलार्धातील एका पठारावर जावे लागते.

अंगोला देशाच्या नैर्ऋत्य भागात हुंपाता नावाचे गाव आहे. उंच पठार, थंड हवा, गुरांना चराई. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दक्षिण आफ्रिकेतून बैलगाड्यांचे तांडे घेऊन निघालेल्या बोअर लोकांनी येथे वसाहत केली, आणि त्यांच्यामागोमाग मदैरा बेटावरचे पोर्तुगीज शेतकरी या मुलखात आले. या हुंपात्यात १० मार्च १९१८ रोजी पेयरोतेओचा जन्म झाला. घराणे पोर्तुगीज वसाहतवाल्यांचे, परंतु मुलगा मात्र सर्वस्वी आफ्रिकेच्या उन्हात वाढलेला. लुआंडा शहरातील स्पोर्टिंग या क्लबाकडून तो फुटबॉल खेळू लागला. हा क्लब लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबाची जणू शाखाच. पोर्तुगालच्या साम्राज्यात गव्हर्नर, पाद्री आणि जकातनाके जेथे जेथे गेले, तेथे तेथे लिस्बनच्या मोठ्या क्लबांची नावे, रंग आणि भांडणेही गेली. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरावयाची होती.

१९३७ साली एकोणीस वर्षांचा पेयरोतेओ समुद्रमार्गे लिस्बनला आला आणि स्पोर्टिंगच्या मैदानावर हजर झाला. क्लबाची सूत्रे त्या वेळी योझेफ साबो या हंगेरियन प्रशिक्षकाकडे होती. शिस्तीच्या बाबतीत कडक असलेल्या या गृहस्थाच्या हाती जणू घडविलेले हत्यारच येऊन पडले. उंचापुरा देह, दोन्ही पायांनी सारख्याच ताकदीचा फटका, डोक्याने चेंडू मारण्यात विलक्षण अचूकता, आणि गोलाच्या दिशेने सरळ धावून जाण्याची निर्भय वृत्ती! चेंडू पायात खेळवून प्रेक्षकांना रिझविणे हा त्याचा पिंड नव्हता. कारागिरी इतरांनी करावी आणि शेवटचा घाव त्याने घालावा, अशीच जणू वाटणी ठरून गेली. पहिल्याच हंगामात, १९३७-३८ मध्ये, तो राष्ट्रीय साखळी स्पर्धेतील सर्वाधिक गोलांचा मानकरी ठरला. हा मान त्याने पुढे आणखी पाच वेळा मिळविला.

त्याच वर्षी एप्रिल महिन्यात राष्ट्रीय संघात त्याची निवड झाली, आणि लगोलग १ मे १९३८ रोजी मिलान येथे विश्वचषकाच्या पात्रतेसाठी पोर्तुगालची स्वित्झर्लंडशी गाठ पडली. एकच सामना, जो जिंकेल तो फ्रान्सला जाईल. पोर्तुगाल १-२ असे हरले. पोर्तुगालचा तो एकमेव गोल वीस वर्षांच्या पेयरोतेओचा होता. विश्वचषकाच्या दारापाशी तो खेळाडू या नात्याने पोचला तो हा एवढाच प्रसंग. पुढल्या दोन स्पर्धा महायुद्धाने गिळल्या. १९५० साली पोर्तुगाल स्पेनकडून हरले. नंतर ब्राझीलला येण्याचे आमंत्रण मिळाले असता तेही पोर्तुगालने नाकारले. आणि तोवर पेयरोतेओने बूट खुंटीला टांगले होते. एखाद्या कलावंताच्या उमेदीच्या वर्षांत रंगभूमीच बंद असावी, तसा हा प्रकार. त्याच्या पिढीतील युरोपच्या कित्येक खेळाडूंच्या वाट्याला हेच आले. त्यांतले अनेक तर रणांगणावरून परतलेच नाहीत. पोर्तुगाल तटस्थ राहिल्यामुळे तेथील स्पर्धा अखंड चालू राहिल्या, एवढे पेयरोतेओचे नशीब म्हणावयाचे.

त्याच्या गोलांचे आकडे आजही ऐकणाऱ्यास अतिशयोक्तीचे वाटतात. बारा हंगाम, साखळी स्पर्धेतील १९७ सामने, आणि गोल ३३० हून अधिक. सामन्यामागे दीडाहूनही जास्त गोलांचे हे प्रमाण! २२ फेब्रुवारी १९४२ रोजी लेसा या क्लबाविरुद्ध स्पोर्टिंगने १४-० असा विजय मिळविला. त्यांतले नऊ गोल एकट्या पेयरोतेओचे. १९४६-४७ च्या हंगामात स्पोर्टिंगने २६ सामन्यांत १२३ गोल केले आणि त्यांत पेयरोतेओचे ४३ होते. एका हंगामातील गोलांचा हा उच्चांक १९७३-७४ साली स्पोर्टिंगच्याच याझाल्दे या अर्जेंटिनी खेळाडूने ४६ गोल करीपर्यंत अबाधित राहिला.

इतिहासकाराने मात्र आकड्यांपुढे हात जोडून उभे राहणे बरे नव्हे. राष्ट्रीय साखळी स्पर्धा सुरू झाली तीच मुळी १९३४-३५ साली, आठ क्लबांनिशी. पुढे क्लबांची संख्या वाढली तरी लिस्बनचे दोन-तीन श्रीमंत क्लब आणि गावोगावचे गरीब क्लब यांच्यातील अंतर फार मोठे होते. बचावाची आधुनिक रचना, म्हणजे मध्य आघाडीच्या खेळाडूवर एका बचावकाची कायमची पाळत ठेवण्याची पद्धत, इंग्लंडात रुळून बरीच वर्षे झाली होती. पोर्तुगालात ती सावकाश झिरपत होती. या अज्ञानाची किंमत किती जबर होती ते २५ मे १९४७ रोजी कळून आले. लिस्बनच्या भव्य राष्ट्रीय क्रीडागारात मॅथ्यूज, लॉटन, मॉर्टन्सेन, फिनी अशा रथी-महारथींच्या इंग्लंड संघाने पोर्तुगालला १०-० असे धुळीस मिळविले. त्या संघात पेयरोतेओही होता. देशात ज्याच्या पायांना भिऊन गोलरक्षक रात्री जागत, तो त्या दिवशी एकही गोल करू शकला नाही. तथापि तेवढ्यावरून त्याचे मोल कमी ठरवावे हेही न्यायाचे नाही. त्याच बचावकांविरुद्ध, त्याच मैदानांवर त्याच्या काळातले इतर शेकडो खेळाडूही खेळत होते, आणि त्यांच्यापैकी कोणीही या आकड्यांच्या जवळपास फिरकू शकला नाही.

या काळातच ‘पाच व्हायोलिने’ हे नाव रूढ झाले. ते दिले तावारेस द सिल्वा या पत्रकाराने, जो स्वतः राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षकही होता. जेझूस कोरेया, वास्केश, पेयरोतेओ, ट्रावासोस आणि आल्बानो या स्पोर्टिंगच्या आघाडीच्या पाच खेळाडूंना त्याने एका वाद्यवृंदातील पाच व्हायोलिनांची उपमा दिली. उपमा देण्याची त्याला हौसच होती. वास्केशच्या खेळातील लालित्य पाहून त्याने त्याला मालोआ या पोर्तुगीज चित्रकाराचे नाव बहाल केले होते. उजव्या बगलेवरचा जेझूस कोरेया तर चाकांच्या बुटांवरून खेळावयाच्या हॉकीत जगज्जेता होता. बाजूच्या या चौघांनी सूर धरावा आणि मधल्या व्हायोलिनाने समेवर यावे, असा तो मेळ. हे पाच जण एकत्र वाजले ते अवघे तीन हंगाम, १९४६ पासून १९४९ पर्यंत. आणि तिन्ही वर्षी अजिंक्यपद स्पोर्टिंगचे.

त्यांतील मधल्या वर्षाची कथा सांगण्याजोगी आहे. १९४७-४८ मध्ये स्पोर्टिंग आणि बेनफिका यांचे गुण समसमान, ४१-४१. अशा वेळी दोघांच्या परस्परांतील सामन्यांचे गोल मोजावयाचे, असा नियम होता. पहिल्या फेरीत बेनफिकाने स्पोर्टिंगला ३-१ असे हरविले होते. २५ एप्रिल १९४८ रोजी बेनफिकाच्या मैदानावर परतफेडीचा सामना झाला. स्पोर्टिंग ४-१ ने जिंकले आणि ते चारही गोल पेयरोतेओने केले. बेरीज झाली पाचास चार. एका गोलाच्या आधारावर अजिंक्यपद! पोर्तुगालात त्या काळी ‘पिरोलितो’ नावाचे एक पेय विकले जाई. आपल्याकडील गोटी सोड्याची बाटली ज्यांनी पाहिली आहे त्यांना ते डोळ्यांपुढे आणणे अवघड नाही, कारण त्याही बाटलीच्या गळ्यात काचेची एकच गोटी अडकविलेली असे. त्या एकुलत्या एका गोटीवरून लोकांनी या अजिंक्यपदाला ‘पिरोलितोचे अजिंक्यपद’ असे नाव ठेवले. बेनफिकाच्या पाठीराख्यांनी ते हिणवून म्हटले आणि स्पोर्टिंगच्या पाठीराख्यांनी कौतुकाने. त्या वर्षी स्पोर्टिंगचा प्रशिक्षक होता कांदिदो द ओलिव्हेरा. एकेकाळचा नामांकित खेळाडू, ‘आ बोला’ या क्रीडापत्राच्या संस्थापकांपैकी एक, आणि सालाझार यांच्या हुकूमशाहीला विरोध केल्याबद्दल केप व्हर्डे बेटांवरील ताराफाल या कुप्रसिद्ध छळछावणीत कैद भोगून आलेला हा मनुष्य. असा प्रशिक्षक जवळून पाहिल्यावर पेयरोतेओच्या मनात त्या पदाविषयी आदर निर्माण झाला असल्यास नवल नाही.

१९४९ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, पेयरोतेओ थांबला. लगतच्याच हंगामात त्याने ४० गोल केले होते. म्हणजे पायांतले बळ सरले म्हणून थांबला असे कोणी म्हणू शकत नव्हते. कारण निराळेच होते. त्याने लिस्बनमध्ये क्रीडासाहित्याचे दुकान घातले होते आणि ते चालले नाही, कर्ज झाले. ५ ऑक्टोबर १९४९ रोजी माद्रिदच्या आतलेतिको संघाशी त्याच्या निरोपाचा सामना झाला आणि त्याच्या उत्पन्नाचा आधार त्याला देणी फेडण्यासाठी घ्यावा लागला. ज्याच्या नावावर क्रीडागारे भरत होती, त्याला निरोपाच्या तिकिटांवर कर्ज फेडावे लागावे ही गोष्ट आजच्या श्रोत्याला चमत्कारिक वाटेल. परंतु फुटबॉलवर पोट भरणारा खेळाडू ही गोष्ट सालाझार यांच्या राजवटीने कित्येक वर्षे कायद्यात मान्यच केली नव्हती. ती मान्यता १९६० साली आली. तोवर खेळाडूने खेळावे, क्लबाने हातावर काहीबाही ठेवावे, आणि दोघांनीही त्याविषयी मोठ्याने बोलू नये, असा रिवाज होता. १९५७ साली पेयरोतेओने आपल्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले. क्रीडांगणावरचा माणूस लेखणी हाती घेतो ही गोष्ट त्या काळच्या पोर्तुगालात तशी विरळाच.

मग आले १९६१. पोर्तुगालच्या दृष्टीने हे वर्ष साधे नव्हते. फेब्रुवारीत लुआंडात बंडाचा भडका उडाला, मार्चमध्ये उत्तर अंगोला पेटला, आणि ज्या भूमीत पेयरोतेओ जन्मला तेथे तेरा वर्षे चालावयाचे युद्ध सुरू झाले. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर गोमंतकाचा प्रश्न निकराला आला होता. वसाहतींना ‘सागरापलीकडील प्रांत’ असे नाव देऊन, पोर्तुगाल हा मिन्यो नदीपासून तिमोर बेटापर्यंत एकच देश आहे, असा घोष लिस्बनचे सरकार करीत होते. हा घोष गोमंतकातील जनतेने पुष्कळ ऐकला होता आणि त्याची किंमतही तिला ठाऊक होती. मात्र फुटबॉलच्या मैदानावर त्या घोषाला एक विलक्षण पुरावा मिळत होता. बेनफिकाने युरोप जिंकले तेव्हा त्याचा कर्णधार जोझे आग्वास अंगोलाचा, मधल्या फळीचा कणा कोलुना मोझांबिकचा, गोलरक्षक कोश्ता परेराही मोझांबिकचाच. ज्या प्रजेला राज्यकारभारात आवाज नव्हता तिच्या मुलांच्या पायांवर साम्राज्याची कीर्ती उभी होती. पेयरोतेओ या परंपरेचा पहिला मोठा पुरुष. तो वसाहतवाल्याचा गोरा मुलगा होता, आणि म्हणून त्याची वाट सोपी होती, हेही येथे नमूद केले पाहिजे.

या वाटेने १९६० च्या डिसेंबरात मोझांबिकमधील लोरेंसो मार्किश येथून, म्हणजे आजच्या मापुतोहून, एक कृष्णवर्णीय मुलगा लिस्बनला आला. त्याचे नाव युसेबिओ. तो खेळला होता लोरेंसो मार्किशच्या स्पोर्टिंगकडून, म्हणजे रिवाजाप्रमाणे त्याने लिस्बनच्या स्पोर्टिंगकडे जावयाचे. पण त्याला नेले बेनफिकाने. दोन क्लबांत जुंपली, कागदपत्रांचे वाद महिनोन् महिने चालले, आणि १९६१ च्या मे महिन्याच्या अखेरीस तो बेनफिकाचा सदरा घालून पहिल्यांदा मैदानात उतरला. स्पोर्टिंगच्या मंडळींच्या मनात ही जखम ओली असतानाच, स्पोर्टिंगचा सर्वांत मोठा खेळाडू पेयरोतेओ राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला. आणि लक्झेंबर्गच्या सामन्यासाठी त्याने युसेबिओला संघात घेतले.

यात मोठे द्रष्टेपण होते असे म्हणता येणार नाही. सप्टेंबरात माँटेव्हिडिओ येथे पेन्यारोल या उरुग्वेच्या क्लबाविरुद्ध युसेबिओने गोल करून आपली चुणूक दाखविली होती. पण त्याचे वय अवघे एकोणीस, त्याच्या खात्यावर जमेस धरण्याजोगे सामने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्याच्यावरून झालेले भांडण ताजे. क्लबाच्या अभिमानापुढे देशहित बाजूस सारणारे निवडक त्या काळी काय, कोणत्याही काळी दुर्मिळ नसतात. पेयरोतेओने तसे केले नाही. लक्झेंबर्गच्या त्या दारुण दुपारी पोर्तुगालचा पहिला गोल करणारा तो नवखा पोरगा म्हणजे युसेबिओच.

मग पराभव का झाला? एक कारण उघड आहे. सहा गोलांनी हरविलेल्या शत्रूची भीती कोणालाच वाटली नाही, आणि ती वाटावयास लावणे हे प्रशिक्षकाचे काम होते. दुसरे कारण पेयरोतेओच्या पूर्वायुष्यात दडलेले आहे. तो खेळाडू म्हणून उपजत होता. जे मनुष्यास जन्मतःच साधते ते त्याला दुसऱ्यास शिकविता येतेच असे नाही. कसे साधते हे त्याचे त्यालाही ठाऊक नसते. बेनफिकाला युरोपचे अजिंक्यपद मिळवून देणारा बेला गुटमान हा देशोदेशी फिरून, अनेक संघ हाताळून, पुष्कळ ठेचा खाऊन शहाणा झालेला प्रशिक्षक होता. पेयरोतेओपाशी तशी उमेदवारी नव्हती. राष्ट्रीय संघाचे खेळाडू सामन्यापूर्वी काही दिवस एकत्र येत आणि पुन्हा आपापल्या क्लबांना पांगत. एवढ्या अवधीत त्यांना नवे काही शिकविणे अनुभवी माणसासही जड गेले असते. निवड करणाऱ्यांनी एक थोर नाव निवडले, प्रशिक्षक निवडला नाही. दोष वाटावयाचा झाल्यास त्यांचा वाटा मोठा धरावा लागेल.

तरीही सारेच संपले नव्हते. गटात इंग्लंडचे पाच गुण होते आणि पोर्तुगालचे तीन. लिस्बनचा इंग्लंडविरुद्धचा सामना मे महिन्यात १-१ असा बरोबरीत सुटला होता. २५ ऑक्टोबरला वेंब्लीवर इंग्लंडला हरविले असते तर गुण सारखे होऊन निकाल लांबणीवर पडला असता. चौदा वर्षांपूर्वीच्या दहा गोलांची आठवण उराशी असलेला माणूस आता प्रशिक्षक म्हणून त्याच इंग्लंडपुढे उभा राहिला. पण कॉनली आणि पॉइंटर या इंग्लंडच्या दोघा खेळाडूंनी आरंभीच्या दहा मिनिटांतच दोन गोल केले. उरलेला वेळ पोर्तुगाल निकराने झुंजले, इंग्लंडला पुढे एकही गोल करू दिला नाही. परंतु स्वतःलाही तो साधला नाही. इंग्लंड चिलीला गेले आणि पेयरोतेओ घरी. त्यानंतर राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकपद त्याच्याकडे पुन्हा आले नाही.

दोन महिन्यांच्या आत, १९ डिसेंबर १९६१ रोजी, गोमंतकावरील साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपली. मिन्यो ते तिमोर या घोषातील एक कडी निखळली. १९६६ साली इंग्लंडात भरलेल्या विश्वचषकात पोर्तुगाल पहिल्यांदा दाखल झाले आणि तिसरे आले. कर्णधार कोलुना, आणि स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे नऊ, गोल युसेबिओचे. वर्तमानपत्रांनी ज्याची गणना नव्या पर्वाचा आरंभ म्हणून केली ते पर्व वस्तुतः लक्झेंबर्गला सुरू झाले होते. पण त्या सामन्याचे नाव काढण्याची इच्छा कोणालाच नव्हती. अंगोला ११ नोव्हेंबर १९७५ रोजी स्वतंत्र झाला, आणि त्याच्या आधीच्या महिन्यांत लिस्बनकडे येणारी जहाजे आणि विमाने हुंपात्यासारख्या गावांतून उठून आलेल्या पोर्तुगीज कुटुंबांनी भरून गेली.

फेर्नांदो पेयरोतेओ २८ नोव्हेंबर १९७८ रोजी लिस्बन येथे वारला. पोर्तुगीज फुटबॉलच्या दप्तरात खेळाडू युसेबिओ याच्या ६४ आंतरराष्ट्रीय सामन्यांची यादी आहे. तिच्यातील पहिल्या नोंदीपुढे लक्झेंबर्गची ती तारीख आहे, ४-२ हा पराभव आहे, आणि त्या दिवसाचा प्रशिक्षक म्हणून पेयरोतेओचे नाव आहे.